राजाला जामीन कोण?

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या आधी अण्णांचा फोन आला. अण्णा म्हणजे माझे थोरले चुलतभाऊ. वय चौऱ्याऐंशी, मुक्काम कल्याण आणि छंद एकच, आमच्या घराण्याचा कुलवृत्तान्त. पहिली आवृत्ती त्यांनी १९८७ साली पदरमोड करून काढली. त्यासाठी अलिबागपासून इंदूरपर्यंतचे भाऊबंद त्यांनी एस.टी.ने आणि पॅसेंजरने गाठले होते. आता नातवंडांच्या पिढीची भर घालून दुसरी आवृत्ती काढायची होती.

‘‘तू कादंबऱ्या लिहितोस, तेव्हा प्रस्तावना तूच लिही. दोनच पानं. पानिपतावर जरा भर दे,’’ अण्णा म्हणाले.

पानिपतावर भर द्यायचा, कारण आमचा मूळपुरुष १७६१ साली पानिपतावर पडला. निदान पहिल्या आवृत्तीत तसे छापले आहे. घरातल्या मुंजी-लग्नांत हे वाक्य ऐकतच आम्ही मोठे झालो. मी गणितात नापास झालो तेव्हा काकांनी पाठीवर हात ठेवून सांगितले होते, ‘‘पानिपतावर पडलेल्याचा वंश आहे आपला. एका पेपराने काय रडतोस?’’ आणि मी खरोखरच रडायचा थांबलो होतो.

परंतु पस्तीस वर्षे मी बँकेत काढली आणि त्यातली बरीचशी कर्जविभागात. तिथे एक खोड जडते. कागद पुढे आला की मजकुराआधी सही, शिक्का आणि तारीख पाहायची. मी अण्णांना म्हटले, ‘‘लिहितो, पण मूळ कागद असतील ते द्या.’’ अण्णांनी थोड्या नाखुषीनेच एक बासन दिले. बरेच कागद मोडीत होते. ते मी ठाण्याच्या एका मोडी जाणणाऱ्या गृहस्थांकडे वाचायला दिले.

कागद परत यायला दीड महिना लागणार होता. त्या अवधीत मी ठाण्याच्या शिलाहार राजांची टिपणे पुन्हा बाहेर काढली. त्यांच्यावर कादंबरी लिहायचे माझ्या मनात कितीतरी वर्षांपासून होते. बँकेची माझी पहिली नेमणूक अंबरनाथला झाली, तेव्हा शनिवारी अर्ध्या दिवसाने सुटलो की मी तिथल्या शिवमंदिरात जाऊन बसत असे. त्या मंदिरातला शिलालेख शके ९८२चा, म्हणजे इसवी सन १०६०चा. त्यात मम्वाणी या शिलाहार राजाचे नाव आहे. तेव्हापासून हे घराणे माझ्या डोक्यात बसले होते.

नवव्या शतकाच्या आरंभापासून १२६५च्या सुमारापर्यंत, म्हणजे जवळजवळ साडेचारशे वर्षे या घराण्याने उत्तर कोकणावर राज्य केले. सकाळची फास्ट लोकल गाठायला ज्या ठाण्यात आपण जिने चढतो-उतरतो, त्याचे नाव त्यांच्या लेखांत ‘श्रीस्थानक’ असे येते. १७८७ साली ठाण्याच्या किल्ल्यात, म्हणजे जिथे पुढे तुरुंग झाला तिथे, पाया खणताना या घराण्यातल्या अरिकेसरी राजाचा शके ९३९चा, म्हणजे इसवी सन १०१७चा ताम्रपट सापडला. त्याचे भाषांतर कलकत्त्याच्या ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या अगदी पहिल्या खंडात छापले गेले. पुढे असे अनेक लेख सापडले आणि महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी ते एकत्र करून आपल्यापुढे ठेवले.

हे ताम्रपट म्हणजे मुख्यतः जमिनीचे दस्तऐवज. अमुक गाव, त्याच्या चतुःसीमा, कोणाला दिले, कोणत्या तिथीला दिले. कर्जविभागातल्या माणसाला तो मजकूर ओळखीचा वाटतो. पण आरंभी राजाच्या बिरुदांची जी माळ येते, ती वाचताना दम लागतो. महासामंताधिपती, तगरपुरपरमेश्वर, जीमूतवाहनान्वयप्रसूत, सुवर्णगरुडध्वज, शरणागतवज्रपंजर! तगरपूर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातले तेर. राज्य कोकणात, पण मोठेपणा तेरचा. आणि ‘जीमूतवाहनान्वयप्रसूत’ म्हणजे जीमूतवाहनाच्या वंशात जन्मलेला.

हा जीमूतवाहन कोण? तो इतिहासातला राजा नव्हे, कथेतला विद्याधर राजपुत्र. त्याच्या घरी कल्पवृक्ष होता, तो त्याने जगाचे दारिद्र्य जावे म्हणून देऊन टाकला. भाऊबंदांना राज्याचा मोह पडला, तेव्हा राज्यही सोडले आणि आईवडिलांना घेऊन तो मलय पर्वतावर राहायला गेला. तिथे समुद्रकाठी एक दिवस त्याला हाडांचा ढीग दिसला. गरुडाने सगळ्या नागांचा संहार करू नये म्हणून नागांनी त्याच्याशी करार केला होता. रोज एक नाग आपण होऊन शिळेवर यायचा आणि गरुडाने त्याला खायचे. त्या दिवशी पाळी होती शंखचूड नावाच्या तरुण नागाची. त्याची म्हातारी आई रडत होती. जीमूतवाहन त्यांचा कोणी नव्हता. तरीही शंखचूडाची नजर चुकवून तो त्याच्या जागी शिळेवर जाऊन पडला. गरुडाने त्याला उचलले आणि खायला सुरुवात केली. शंखचूड धावत आला आणि ओरडला, ‘अरे, तुझा घास मी आहे, तो नव्हे!’ तेव्हा गरुडाला आपण काय केले ते कळले. शेवटी देवीच्या कृपेने जीमूतवाहन जिवंत झाला आणि गरुडाने नाग खाण्याचे सोडले.

ही गोष्ट त्या काळी सर्वांच्या ओठी होती. सातव्या शतकात कनौजच्या हर्षाने तिच्यावर ‘नागानन्द’ नाटक लिहिले, तर अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने ती ‘कथासरित्सागरा’त सांगितली. शिळेवर जो आहार झाला तो शिला-आहार, आणि त्याचे वंशज ते शिलाहार, अशी नावाची फोड करण्यात आली. अभ्यासकांना ती मान्य नाही. कोरीव लेखांत हेच नाव सिलार, सेलार असेही येते. मूळचे देशी नाव नंतर संस्कृतात बसवले गेले असावे, असे त्यांचे मत आहे. थोडक्यात, नाव आधीचे आणि गोष्ट मागाहून जोडलेली.

आता प्रश्न असा, की गोष्ट जोडायची गरज का पडली? बँकेच्या भाषेत सांगायचे तर कर्जदार स्वतःच्या ऐपतीवर उभा राहू शकत नाही, तेव्हा आपण जामीनदार मागतो. शिलाहार हे आरंभी राष्ट्रकूट सम्राटांचे मांडलिक. कान्हेरीच्या लेण्यांत त्यांचे नवव्या शतकातले लेख आहेत. त्यांत मोठेपणा सांगितला आहे तो राष्ट्रकूट अमोघवर्षाच्या कृपेचा. त्याच्या प्रसादाने आम्हाला कोकण मिळाले, एवढे म्हटले की पुरत असे. वर सम्राट बसला होता, तोच जामीन.

इसवी सन ९७३मध्ये चालुक्य तैलपाने राष्ट्रकूटांचे साम्राज्य बुडवले. त्यानंतर २४ वर्षांनी, ९९७ साली, शिलाहार अपराजिताने भिवंडीजवळचे भादाणे गाव लोनाडच्या देवळाला दान दिले. तो ताम्रपट मोठा विलक्षण आहे. बुडालेल्या राष्ट्रकूटांची सगळी वंशावळ त्यात आहे आणि त्यांचे राज्य गेल्याची हळहळही आहे. जुना मालक गेला, नव्याला मुजरा करायचा नाही, आणि स्वतः सम्राट म्हणवण्याइतके बळ अंगात नाही! अशा वेळी कधीही पराभूत न होणारा, कोणाला कर न मागणारा आणि साऱ्यांना आदरणीय असा जामीनदार लागतो. तो कथेतच सापडतो. जीमूतवाहनाचे नाव शिलाहारांच्या दस्तऐवजांत ठाशीवपणे का येत राहते, याचे उत्तर मला इथे दिसते. हा माझा तर्क आहे. पण कर्जमागणीचे अर्ज वाचण्यात उमेद घालवलेल्या माणसाचा आहे.

शिवाय ही निव्वळ हौसही नव्हती. राजाने जमीन दिली तर कापडावर किंवा तांब्यावर लेख करावा, त्यात आपल्या पूर्वजांची व स्वतःची नावे घालावीत, दानाची मोजदाद व सीमा लिहाव्यात, सही, तारीख आणि मुद्रा असावी, असा याज्ञवल्क्यस्मृतीचा नियमच आहे. म्हणजे वंशावळ हा दस्तऐवजातला सक्तीचा रकाना. तो रिकामा ठेवता येत नाही. ज्यांच्याजवळ लांबलचक वंश नाही, ते मग पुराणातून तो भरून काढतात.

जगभर असेच चालत आले आहे. इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डने १२७७ साली वेल्सच्या राजपुत्राला नमवले. आर्थर राजा मेलेला नाही, तो एक दिवस परत येईल, अशी वेल्श लोकांची श्रद्धा होती. पुढल्याच वर्षी एडवर्डने ग्लास्टनबरीच्या मठात आर्थरची म्हणून दाखवली जाणारी कबर उघडवली, हाडे रेशमी वस्त्रात गुंडाळून वेदीपुढे समारंभाने ठेवली. मान तर दिला, पण आर्थर मेला आहे हेही सर्वांना दाखवून दिले. पुढे सातव्या हेन्रीने लढाई जिंकून गादी मिळवली, पण त्याचा हक्क लेचापेचाच होता. १४८६ साली मुलगा झाला, त्याचे नाव त्याने आर्थर ठेवले. तो मुलगा राजा होण्याआधीच वारला, हा भाग वेगळा.

एकदा नाव घेतले की मग त्यावरून भांडणेही होतात. शिलाहार मल्लिकार्जुनाचे एक बिरुद होते ‘राजपितामह’, म्हणजे राजांचा आजोबा. मेरुतुंगाच्या ‘प्रबंधचिंतामणी’त हकीकत आहे, की गुजरातच्या कुमारपालाच्या दरबारात एका भाटाने हे बिरुद उच्चारले आणि कुमारपालाला ते सहन झाले नाही. त्याने आंबड या सेनापतीला कोकणावर पाठवले. आंबड आधी हरला, पुन्हा गेला आणि मल्लिकार्जुनाचे शिर घेऊन आला. ते बिरुदच कुमारपालाने आंबडाला बक्षीस दिले. एका शब्दापायी किती घरे ओस पडली असतील याचा हिशेब मेरुतुंगाने दिलेला नाही. तो कोणीच देत नाही.

शेवटी आले देवगिरीचे यादव. त्यांची वंशावळ चंद्रापासून सुरू होते आणि यदू, श्रीकृष्ण अशी खाली येते. बिरुद द्वारावतीपुरवराधीश्वर, म्हणजे द्वारकेचे स्वामी. देवगिरीत बसून द्वारकेचे! आणि ध्वज? तोही सुवर्णगरुडाचाच. महादेव यादवाने १२६५च्या सुमारास शेवटचा शिलाहार सोमेश्वर याचा पराभव केला. सोमेश्वर समुद्रात बुडून मेला, असे हेमाद्रीच्या प्रशस्तीवरून दिसते. बोरिवलीजवळ एक्सर गावात जे वीरगळ आहेत, त्यांवर नौकांची लढाई कोरली आहे. ते याच युद्धाचे असावेत असे अनेक अभ्यासक मानतात. मी ते पाहिले आहेत. वल्ही मारणारे, नौकेतून खाली पडणारे, आणि वरच्या थरात स्वर्गाला जाणारे. जीमूतवाहनाच्या नावाने आणि श्रीकृष्णाच्या नावाने लढून जी माणसे मेली, त्यांतल्या एकाचेही नाव आपल्याला ठाऊक नाही.

माझी टिपणे इथवर आली होती आणि एके रात्री एक गोष्ट अचानक लक्षात आली. इतकी वर्षे ती माझ्या डोळ्यांसमोर होती. शिलाहारांच्या बिरुदांत ‘जीमूतवाहनान्वयप्रसूत’ आणि ‘सुवर्णगरुडध्वज’ ही शेजारी शेजारी येतात. म्हणजे पूर्वज म्हणून सांगायचा तो गरुडाने खाल्लेला, आणि झेंड्यावर मिरवायचा तो खाणारा गरुड! गरुड हे विष्णूचे वाहन, राष्ट्रकूटांच्या मुद्रेवरही तो असे. त्यामुळे झेंड्यावर तो येणे स्वाभाविकच. पण दोन्ही एकाच ओळीत वाचताना मला प्रत्येक राज्यकर्त्याचे चित्र दिसले. सांगताना तो म्हणतो, मी तुमच्यासाठी शिळेवर पडणाऱ्याचा वंशज. प्रत्यक्षात मात्र सारा वसूल करतो तो गरुड. त्याच घराण्याच्या दानशिळांवर खाली गाढवाची ती न सांगण्याजोगी शापवाणी कोरलेली असते, दान मोडणाऱ्याला धाक म्हणून. ठाणे जिल्ह्यात असे गधेगाळ गावोगाव सापडतात. वर पुण्यशील पूर्वजाचे नाव आणि खाली शिवी. राज्य दोन्हींवर चालते.

मग हे सगळे ढोंगच म्हणायचे का? मला तसे म्हणवत नाही. कारण ज्याचे नाव जामीन म्हणून घेतले, तो कर्जदारावर लक्षही ठेवतो. ‘शरणागतवज्रपंजर’, म्हणजे शरण आलेल्याला वज्राचा पिंजरा होऊन राखणारा, हे बिरुद लावल्यावर दाराशी आलेल्या शरणागताला हाकलणे अवघड जात असणार. याच घराण्यातल्या पहिल्या अपरादित्याने बाराव्या शतकात याज्ञवल्क्यस्मृतीवर टीका लिहिली, ती ‘अपरार्क’ नावाने पंडितांत मान्य झाली. तिच्या समाप्तीतही तो आपल्याला जीमूतवाहनाच्या वंशातला म्हणवतो. त्याचा दूत तेजकंठ काश्मीरच्या विद्वत्सभेत गेला होता, हे मंखाच्या ‘श्रीकंठचरिता’त आले आहे. उसन्या नावाची थोडीफार तरी फेड करणारा राजा त्या घराण्यात झाला, असे म्हणता येईल. फेड झाली की नाही, हेच विचारायचे असते. नाव खरे की खोटे हा त्याच्या आधीचा आणि सोपा प्रश्न.

आणि मग आमचे कागद वाचून आले.

मोडी वाचणाऱ्या गृहस्थांनी दोन कागद वेगळे काढून ठेवले होते. पहिला शके १६९०चा, म्हणजे इसवी सन १७६८-६९चा. त्यावर आमच्या मूळपुरुषाचे नाव स्वच्छ होते. पानिपतानंतर सात-आठ वर्षांनी तो कल्याणच्या खाडीकाठी मिठागरावर कारकुनी करीत होता. कागद होता जामीनकतब्याचा. मिठागरावर राबणाऱ्या एका आगऱ्याचे साठ रुपये देणे थकले होते आणि हा त्याला जामीन राहिला होता. दुसरा कागद तीन वर्षांनंतरचा. रक्कम फिटली नाही म्हणून जामिनाचे भाताचे खाचर गेल्याचा.

बासनात एक तिसरा कागदही होता, बाळबोधीतला. १९०८ साली आमच्या आजोबांनी धाकट्या बहिणीच्या सोयरिकीसाठी लिहिलेल्या पत्राची ती नक्कल होती. वरपक्ष तालेवार, इकडे वडील वारलेले, घर गहाण, हुंड्याला पैसा नाही. त्या पत्रात पहिल्यांदा ते वाक्य येते, ‘आमचे मूळपुरुष पानिपतचे रणांगणी पडले.’ त्याआधीच्या एकाही कागदात ते नाही. तेहतीस वर्षांच्या आजोबांना जामीनदार हवा होता, आणि तो त्यांनी पानिपतावरून आणला. ते लग्न झाले. आत्याआजीचा संसार चांगला झाला. मला आजोबांचा राग आला नाही. एकाएकी डोळे मात्र भरून आले.

कल्याणला जाऊन मी अण्णांपुढे तिन्ही कागद ठेवले. अण्णांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

‘‘म्हणजे तो लढलाच नाही?’’

‘‘नाही, अण्णा. तुम्हीच वाचा.’’

‘‘अरे, चारशे घरांत गेलंय ते पुस्तक. तुझ्या पुतण्याने फौजेत जाताना ते बरोबर नेलं होतं. त्याला आता काय सांगू?’’

मला उत्तर सुचले नाही. परत येताना गाडी कल्याणच्या पुढे निघाली आणि मला वाटले, आपण म्हाताऱ्या माणसाच्या तोंडचा घास काढला. बँकेत असताना खोट्या कागदांवरची कर्जे मी नाकारली, तेव्हा रात्री झोप लागत असे. त्या रात्री लागली नाही.

पंधरा दिवस अण्णांचा फोन नाही. सोळाव्या दिवशी सकाळी सातला आला. ‘‘तो आगरी आपल्या नात्यातला नव्हता ना?’’

‘‘नाही.’’

‘‘जातीतला नाही, नात्यातला नाही. आणि त्याच्यापायी खाचर घालवलं.’’ बराच वेळ पलीकडून नुसता श्वास ऐकू येत होता. मग म्हणाले, ‘‘दोन्ही छाप. आजोबांचं पत्रही छाप आणि जामिनाचा कागदही. पण जामिनाचा आधी.’’

दुसरी आवृत्ती गेल्या वर्षी अक्षय्य तृतीयेला निघाली. प्रस्तावना दोन पानांची चार पाने झाली. काही भाऊबंद रागावले. एकाने पुस्तक परत पाठवले. फौजेतल्या पुतण्याचे मात्र पत्र आले. त्यात एवढेच विचारले होते, की ते खाचर नेमके कुठे होते? आम्हाला ते अजून सापडलेले नाही. त्या बाजूला आता इमारती झाल्या आहेत.

डोंबिवलीत माझ्या घरापासून स्टेशनपर्यंत चालत जाताना चौकाचौकांत फलक दिसतात. त्यांवर कोणी ना कोणी महापुरुष असतो, आणि त्याच्या बाजूला त्याच्याइतकाच मोठा आजचा कोणी हसत हात जोडून उभा असतो. पूर्वी मी चिडत असे. आता थांबून पाहतो. हे शिलाहारांपासून चालत आले आहे, उद्याही चालेल. मोठ्या नावाचा आधार घ्यावासा वाटणे हा गुन्हा नव्हे. आमच्या घरानेही तो घेतला. मात्र बँकेतली सवय जात नाही. मनातल्या मनात मी त्या हसऱ्या चेहऱ्याला विचारतो, जामीनदार तर फार मोठा आणलात, साहेब. हप्ता भरता ना?